चोरी कळते, मग लाइट गेलेली कळत नाही?

मा. संपादक, स.न.वि.वि.

वीज कंपन्यांत आता एआय आलंय, चोरी ऑफिसात बसून पकडतात, उद्या किती वीज लागेल ते मशीन सांगतं, असं हल्ली सारखं वाचायला मिळतं. येऊ दे की, माझा काही विरोध नाही. फक्त एक विचारायचंय, माझ्या घरात किती वाजता किती वीज जळली हे ज्या मीटरवरून कंपनीला कळतं त्याच मीटरवरून माझी लाइट गेलीय हे का कळत नाही? परवा आमच्याकडे डीपीवरचा (म्हणजे गल्लीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा) एक फेज, म्हणजे तिथून निघणाऱ्या तीन लाइनींपैकी एक, गेला. अर्ध्या गल्लीत पंखे बंद, समोरच्या घरांत टीव्ही चालू, आणि आम्ही सगळे तो कायम एंगेज लागणारा तक्रारीचा नंबर फिरवत बसलोय, शेवटी कुणीतरी वायरमनच्या स्वतःच्या मोबाइलवर फोन लावला तर तो बिचारा दुसऱ्याच भागात खांबावर चढलेला.

आता स्मार्ट मीटरमध्ये यासाठी सोय असते बरं का. सप्लाय गेला की बंद पडता पडता मीटर सर्व्हरला एक शेवटचा मेसेज पाठवू शकतो. एका डीपीखालच्या सगळ्या घरांचे मेसेज एकदम आले की डीपीच गेली, एकाच फेजवरच्या घरांचे आले की फ्यूज बघायचा, एकट्या घराचा आला तर त्याची सर्व्हिस वायर, म्हणजे खांबावरून घरात येणारी वायर. एवढं ओळखायला खरं तर एआयचीही गरज नाही, साध्या हिशोबाचं काम आहे. पुढे जाऊन कुठली डीपी कायम ओव्हरलोड असते, कुठली या उन्हाळ्यात जळेल, हे मात्र मशीन चांगलं सांगू शकतं आणि ते जळायच्या आधी बदलली तर सगळ्यांचाच फायदा.

आणि कायदा पण आहे हो. केंद्राच्या 2020 च्या वीज ग्राहक हक्क नियमांत लिहिलंय की सेवेतली जी गोष्ट लांबून मोजता येते तिच्यात कंपनी चुकल्याचं सिद्ध झालं तर ग्राहकाला भरपाई आपोआप द्यायची. म्हणजे अर्ज नको, हेलपाटे नकोत. लाइट किती वाजता गेली आणि किती वाजता आली हे स्मार्ट मीटरइतकं पक्कं कोण सांगणार? तरी बिलात आपोआप वजा झालेली भरपाई मी अजून बघितलेली नाही, कुणी बघितली असेल तर याच सदरात जरूर लिहा.

एआयचा खरा उपयोग होतो तो मागणीचा अंदाज बांधायला, हे मान्य करायलाच पाहिजे. दिवसाचे 15-15 मिनिटांचे 96 तुकडे करतात, प्रत्येक तुकड्यात ग्रिडमधून, म्हणजे देशाच्या वीजजाळ्यातून, किती वीज उचलणार हे कंपनीला आधी कळवावं लागतं आणि चुकलं तर दंडासारखे पैसे भरावे लागतात, ते फिरून आपल्याच बिलात येणार. त्यात आता सोलर वाढलंय, ढग आला की उत्पादन धाडकन खाली. अशा वेळी हवामान, वार, सण, मॅच सगळं धरून अंदाज काढणारं मशीन हवंच. पण मशीन शिकतं जुन्या आकड्यांवरून, आधी कधी न घडलेलं त्याला कुठून कळणार? 5 एप्रिल 2020 आठवतोय ना, रात्री 9 वाजता 9 मिनिटं दिवे बंद केले होते? मागणी 12-13 हजार मेगावॉटने उतरेल असा ग्रिडवाल्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात 31 हजाराच्या वर उतरली, आणि तरी ग्रिड टिकलं कारण जलविद्युतची केंद्रं भराभर खालीवर करायला अनुभवी माणसं तयारीत बसली होती. त्यामुळे एआय आलं म्हणून कंट्रोल रूममधली आणि खांबावरची माणसं कमी करायचा विचार कुणी करत असेल तर जरा थांबा.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती चोरीच्या यादीची, म्हणजे वीजचोरीचा संशय म्हणून सिस्टिम ज्या घरांची नावं काढते तिची. ओळखीतले एक काका-काकू मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला जाऊन राहिले, घर बंद, युनिट एकदम खाली. परत आले तर पथक दारात. मीटरचं सील बघितलं, टाँग टेस्टर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र) लावला, काही सापडलं नाही. काकांनी विचारलं आमचं नाव आलं कसं, तर उत्तर मिळालं, लिस्ट वरून येते, सिस्टिम काढते, आम्हाला कारण माहीत नसतं. काका चाळीत वाढलेले, आवाज चढवणारे, म्हणून निभावलं. पण 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरला तर दुप्पट दराने बिल लागतं, कधीपासून ते सापडलं नाही तर मागचे 12 महिने धरतात. त्यावर हरकत घ्यायचा हक्क कायद्याने दिलाय, पण संशय कशावरून आला हेच सांगत नसतील तर माणूस हरकत घेणार कशावर? तारांवर आकडे टाकून चोरी करणाऱ्यांना खुशाल पकडा, त्यांच्या विजेचे पैसे आम्हीच भरतो. फक्त यादीवरून घरी येताना कुठल्या महिन्याच्या कुठल्या रीडिंगवरून नाव आलं ते कागदावर लिहून आणा आणि खाली सही करणाऱ्या साहेबांचं नाव आणि उचलला जाणारा एक फोन नंबर टाका.

आपला,
एक वीजग्राहक