सातवा नियम कोणता होता?

शहादा,
6 जानेवारी

प्रिय मंदा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं, त्यावर दोन दिवाळ्या गेल्या. फोन करायला दहादा हातात घेतला. पण फोनवर तू "बोल गं, काय काम काढलंस?" म्हणतेस आणि माझं सगळं घशातच अडकतं. म्हणून लिहायला बसले. मी बरी आहे, साखर गोळीवर आहे. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, नातीचं बारसं झालं, जावयाची बदली झाली, सगळं सुमनकडून कळलं. आता जिना चढतेस का? मला तू कळवलं नाहीस. त्यात तुझं काही चुकलं नाही.

आपल्या संघटनेच्या नानांवर तक्रार आलीय. लेखी. आणि ती ऐकायला नेमलेल्या तिघांत मी आहे.

पहिल्यापासून सांगते. गेल्या वर्षी संघटनेने आपसात वागणुकीचा करार केला. पोरांनी आधी वर 'आचारसंहिता' लिहिलं होतं. तर धडगावकडची एक बाई म्हणाली, ती तर निवडणुकीत लागते आणि निकाल लागला की उठते! हसून हसून पुरेवाट. मग 'करार' ठरलं. सात बैठका झाल्या, चार महिने गेले. तू असतीस तर दोन बैठकांत उरकलं असतं, आणि तिसऱ्या बैठकीत आपलं दोघींचं भांडण झालं असतं.

विषय काढला कुणी, माहीत आहे? तोरणमाळच्या शिबिरात नानांनी जिला खाली बसवलं, तिच्या बहिणीच्या मुलीने. पोरगी बी. ए. झालीय, मोडक्या स्कूटीवर धडगावभर फिरते, वनहक्काच्या दाव्यांच्या फायली आपल्यापेक्षा नीट लावते. पहिल्याच बैठकीत तिने विचारलं, "वनहक्क समितीत दहा ते पंधरा माणसं, त्यात एक तृतीयांश बायका हव्यातच, म्हणून तुम्ही ग्रामसभेत भांडता. मग इथे बायका दर वेळी आतल्या खोलीत चहा का करतात?" आतल्या खोलीतून कपबशांचा आवाज येत होता, तोही थांबला.

मग भांडणं सुरू झाली. जेवलेलं ताट ज्याचं त्याने घासायचं, यावर एक अख्खी दुपार. प्रवासखर्चाचा हिशेब आठ दिवसांत द्यायचा, यावर दुसरी. 'एकमेकांशी नम्रतेने बोलावे' असंही एकाने लिहिलं होतं. तेव्हा तळोद्याच्या निवृत्त गुरुजींनी गोष्ट सांगितली. गांधीजींनी 1915 मध्ये आश्रमाची नियमावली लिहिली आणि मतं मागवायला लोकांना पाठवली. सर गुरुदास बॅनर्जींनी सुचवलं, यात नम्रतेचंही व्रत घाला. गांधीजींना ते पटलं नाही. नम्रतेचं व्रत घेतलं की ती नम्रता उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते कलम आम्ही काढलं. त्याऐवजी लिहिलं, 'बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही. ज्याला ज्या भाषेत बोलायचंय त्या भाषेत पूर्ण बोलू द्यायचं, दुसऱ्याने मराठीत सांगायचं. वेळ गेला तर जाऊ द्यायचा.' मंदा, हे कलम वाचून दाखवताना माझा आवाज कापत होता. का, ते तुला एकटीला कळेल.

कुणाला वाळीत टाकायचं नाही, हेही घातलं. पोरं म्हणाली, आपल्यात कोण टाकतंय? पण गावकीने दंडासाठी एका घराचं पाणी तोडलेलं आपण दोघींनी पाहिलंय. त्याविरुद्ध राज्यात 2016 मध्ये कायदा झाला. एवढी जुनी खोड कुठल्याच संघटनेने आपल्यात नाही असं समजू नये.

एका गोष्टीवर मी अडून बसले. बाईच्या अंगाला हात लावणं, घाणेरडं बोलणं, रात्री-बेरात्री मेसेज करणं, हे करारातल्या 'बसून बोलू'मध्ये येता कामा नये. राजस्थानातली भंवरीदेवीसुद्धा सरकारी योजनेत गावात काम करणारी 'साथीन'च होती. तिच्यावरच्या अत्याचारानंतर 1997 चा सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल आला, आणि पुढे कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा. त्या कायद्यात बिनपगारी, स्वेच्छेने काम करणारी बाईही येते, हे वकीलबाईंनी बोट ठेवून दाखवेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. दहापेक्षा कमी कामकरी असतील तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, तीन महिन्यांच्या आत करावी लागते. आणि आपण किती वर्षं 'घरातली गोष्ट आहे, बाहेर नको' म्हणत राहिलो. करारात शेवटचं वाक्य माझं आहे, 'संघटनेची बदनामी होईल हे कारण सांगून कुणालाही गप्प बसवायचं नाही.'

नानांनी सगळ्यात आधी सही केली. त्यांच्या त्या शाईच्या पेनाने, खाली तारखेसकट. ताटही घासतात हो, राख सगळीकडे ठेवून, पण घासतात.

मागच्या महिन्यात नंदुरबारच्या मोर्चाची तयारी चालली होती. एक म्हातारी पावरीत बोलत होती, दोन वर्षं अडकलेल्या मजुरीचं. पदरात कागदाची घडी धरून. नाना मध्येच म्हणाले, "मुद्द्याचं बोला. मराठीत." पोरगी उठली आणि भिंतीवर लावलेल्या कराराकडे बोट केलं. नानांचा आवाज चढला. "बस खाली! तुझी मावशीही अशीच होती."

म्हातारीने ती घडी परत पिशवीत घातली आणि पिशवीचं तोंड बांधलं. मी ते तोंड बांधताना बघत बसले. सत्तावीस वर्षांनी पुन्हा मी नुसती बघत बसले.

दुसऱ्या दिवशी तक्रार आली. पान भरून, सुवाच्य. मोठं काही मागितलेलं नाही. म्हातारीचं म्हणणं पूर्ण ऐकावं, आणि नानांनी सहा महिने बैठक चालवू नये. काही पोरांना मात्र नानांनी भर सभेत माईकवर माफी मागायला हवीय. मला ते नको आहे. माणसाला खाली बसवण्यासाठी करार नव्हता केला.

पण मला हे न्यायाने वाटतं की मायेने, तेच कळत नाही. हाच माणूस पोरवयात भाकरी बांधून आदिवासींसाठी लढणाऱ्या अंबरसिंग महाराजांच्या सभेला चालत जायचा. 1974 मध्ये महाराज गेले तेव्हा नाना वीस वर्षांचे. याच तालुक्यात बायकांनी दारूचे अड्डे फोडले ते त्याने डोळ्यांनी पाहिलंय. आमचे हे सिव्हिलमध्ये होते तेव्हा नऊ रात्री कॉटखाली सतरंजी टाकून झोपलाय. नाना रागावून घरी बसले तर वरचे कितीतरी पाडे त्यांच्यामागे जातील. आणि नाना राहिले, पोरगी गेली, तर? मागे एक गेलीच. तिच्यामागे तूही गेलीस.

परवा रात्री नाना घरी आले. लेकीकडून आलेली बामणोदची वांगी घेऊन, पिशवीभर. चहा घेतला. तक्रारीचा शब्द नाही. मीही काढला नाही, ऐकणाऱ्याने एका बाजूशी आधी बोलायचं नाही असं करारात आहे. दारात चप्पल घालताना मात्र म्हणाले, "शैला, मी वाईट माणूस शे का व?" मी काय बोलणार? वांगी तशीच पडलीत. भरीत करायला हात होत नाही, आणि परत पाठवणं त्याहून वाईट.

आता तुझं नि माझं. 98 चा डिसेंबर, तोरणमाळचं ते शिबिर. नंदुरबार जिल्हा होऊन सहा महिनेही झाले नव्हते आणि नाना नुकतेच तुरुंगातून सुटले होते. ती बाई खाली बसली ती पुन्हा आली नाही. त्या रात्री शेकोटीशी बसून तू वहीच्या पानावर नियम लिहिलेस. मी म्हटलं, "आपण काय कारखाना आहोत? बाहेरचे टपून बसलेत आणि तू आपल्याच माणसाला नियम लावतेस?" सकाळी तू पान बैठकीत ठेवलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि मी सतरंजीकडे पाहिलं. पहिल्या गाडीने तू गेलीस. नंतर तुला मी सांगितलं की पान शेकोटीत टाकलं. खोटं सांगितलं, मंदा. ते माझ्या ट्रंकेत आहे. तुला एकटं पाडलं मी. नानांच्या रागाला भिऊन नव्हे, नानांचं प्रेम जाईल म्हणून.

कराराच्या बैठकांत मी ते पान काढलं नाही, लाज वाटली. आता काढलंय. आमच्या कितीतरी कलमांशी तुझी कलमं शब्दाशब्दाने जुळतात. आम्हा तिघांत बाहेरचे म्हणून तळोद्याचे गुरुजी आहेत, त्यांच्याऐवजी तू ये, असं क्षणभर मनात आलं होतं. पण नानांच्या बाबतीत तू बाहेरची कशी? ते बरोबर होणार नाही. मीच तिथे बसावं का, हेही रविवारच्या आत ठरवायचंय. गुरुजींना उद्या हे सगळं सांगणार आहे, वांग्यांसकट.

पानाची झेरॉक्स सोबत जोडलीय. अकरा नियम आहेत. दहा वाचता येतात. सातवा तू लिहून खोडलायस, इतका गिरवून की कागद फाटलाय. सहावा 'चूक दाखवणाऱ्याला फितूर म्हणायचं नाही' आणि आठवा 'चूक केलेल्याला परत यायची वाट ठेवायची' असा आहे. मधला काय होता?

बैठक 18 तारखेला आहे. फोन केलास तरी चालेल. मी या वेळी बोलेन.

तुझी,
शैला