काका, कॉम्प्युटर मॉडेलवरचे पिवळे फेस अजून तसेच ठेवले आहेत

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळते आहे. पण पंपाची फाटकी कॉम्प्युटर फाइल दुरुस्त करून दिलीत म्हणून आभार मानायला घरी आले तर तुम्ही चहा टाकायला आत गेलात आणि बाहेर आल्यावर दुसराच विषय काढलात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते. बडोद्यात, दांडिया बाजारात आणि मकरपुऱ्यात, ज्यांना ओळखायचं ते तुम्हाला ओळखतीलच.

त्या फाइलीवरून ओतलेलं पंपाचं कास्टिंग पास झालं, काका. पाण्याच्या दाबाची चाचणी झाली, पंप टेस्ट बेडवर चढला आणि पंपवाल्यांच्या साहेबांनी स्वतः फोन करून सांगितलं, हेड (पाणी किती उंच चढतं) आणि डिस्चार्ज (किती पाणी येतं) दोन्ही हवे तेवढे मिळाले. फोन ठेवला आणि तिथेच, मशीनच्या आवाजात, मला रडू फुटलं. आमचे ऑपरेटर भाई घाबरले, त्यांना वाटलं ऑर्डर गेली.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, आमचं पॅटर्न शॉप आहे. ओतकामाचा साचा ज्या नमुन्यावरून बनतो तो पॅटर्न. बाबा सागवानात हाताने पॅटर्न करायचे, मी ॲल्युमिनियममध्ये सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, करते. पंपाच्या केसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, पाणी ज्या वाटेने गोल फिरून बाहेर पडतं ती वाट म्हणजे व्होल्यूट. ती हळूहळू रुंद होत जाते. जिथे ती सुरू होते आणि जिथून पाणी बाहेर पडतं, त्या दोन्हींच्या मधे एक पातळ नाक येतं, त्याला जीभ म्हणतात. जीभ इंपेलरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या चक्राच्या, फार जवळ आली तर पंप थरथरतो आणि आवाज करतो. फार लांब गेली तर पाणी आतल्या आत घुमत राहतं आणि वीज वाया जाते. ही पोकळी ओतकामात कोअरने, म्हणजे साच्यात ठेवलेल्या गाभ्याने, तयार होते, आणि कोअर बॉक्स (त्या गाभ्याचा साचा) करायला त्या पोकळीचं बंदिस्त सॉलिड मॉडेल लागतं. आमच्याकडे आलेल्या फाइलमध्ये सॉलिड नव्हतंच. सुटे सरफेस, म्हणजे जाडी नसलेले नुसते पृष्ठभाग होते, आणि नेमके जिभेपाशी फाटलेले.

फाइल आयजीईएसची होती, म्हणजे एका सॉफ्टवेअरमधलं डिझाइन दुसऱ्यात न्यायच्या जुन्या प्रकारातली. पंपाचं डिझाइन जुनं, ज्या सॉफ्टवेअरमध्ये ते केलं ते आता कंपनीकडे नाही. "आमच्याकडे तर छान उघडते," एवढंच उत्तर मिळायचं. छान उघडतेच ती. शेडिंग लावलं की चकचकीत केसिंग दिसतं, कुठे भेग आहे हे डोळ्याला कळतही नाही. आयजीईएस हा प्रकार १९८० सालचा, त्याची शेवटची आवृत्ती १९९६ ची, हे तुमच्याकडूनच कळलं. पुढे त्यात सॉलिड लिहायची सोय झाली, पण जुन्या फाइलींत बहुतेक वेळा ट्रिम केलेले (कडेने कापलेले) सरफेस एकेकटे येतात. कोणता फेस (मॉडेलच्या पृष्ठभागाचा एक तुकडा) कोणाला चिकटलेला आहे हे त्यांत लिहिलेलंच नसतं, ते उघडणाऱ्याने जुळवायचं. त्यात पॅरासॉलिडवर (सॉलिड आकार हाताळणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालणारं सॉफ्टवेअर दोन बिंदू एकच मानायला ०.००००१ मिमी इतकी जवळीक मागतं आणि फाइलमधल्या कडा एकमेकींपासून त्याच्या हजारो पट लांब. मग ते जुळणार कसं?

तुमच्याआधी मी कोणाकोणाकडे गेले तेही इथे लिहिते, कारण राग अजून गेलेला नाही. एका मोठ्या ऑफिसात फाइल दिली. त्यांनी टॉलरन्स, म्हणजे चालवून घ्यायचं अंतर, वाढवला, आपोआप दुरुस्तीचं बटण दाबलं आणि बंद झालेलं सॉलिड बिलासकट पाठवून दिलं. सगळं एकसारखं करडं. कुठे काय बदललं याची एक ओळ नाही. आम्ही विश्वासाने ब्लॉक मशीनवर चढवला. जिभेपाशी पायरी आली, बोट फिरवलं की नखाला लागायची. मी फोन केला तर म्हणाले, तुमच्या मशीनचा प्रॉब्लेम असेल, ऑपरेटरला विचारा. भाई शेजारीच उभे होते, स्पीकर चालू होता. ज्या माणसाचं आयुष्य त्या मशीनवर गेलं त्याने मान खाली घातली आणि डायल गेज आणून पुन्हा सगळं तपासायला घेतलं. मशीन बरोबर होतं. त्या ऑफिसकडून आजतागायत कोणी "चुकलं" असं म्हटलेलं नाही.

आणखी एकाने फाइल न उघडताच सगळं नव्याने करायचा भाव सांगितला. एकाने तर फोन उचलणंच बंद केलं. त्यांच्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

मग बाबांच्या एका मित्राने तुमचं नाव सांगितलं. कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले, जन्मभर ड्रॉइंग ऑफिसात काम केलेले, आता घरीच असतात, पण कॉम्प्युटरवर हात अजून चालतो. मी पेन ड्राइव्ह घेऊन आले. तुम्ही पहिल्यांदा काय केलंत ते मला चांगलं आठवतंय. मूळ फाइलची प्रत काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलीत आणि तिला हात लावायचा नाही म्हणालात. मग शेडिंग बंद केलंत आणि फक्त उघड्या एज, म्हणजे न जुळलेल्या कडा, दाखवायला लावल्यात. स्क्रीनवर चमकणाऱ्या रेघांचं जाळं उभं राहिलं.

"हे बघ. बंद सॉलिडमध्ये प्रत्येक एजला दोनच फेस लागतात. एक असला तर भोक, तीन असले तर गोंधळ. आता आपण एकाचे दोन करायचे, बस."

किती दिवस मी याच गोष्टीला घाबरत होते आणि तुम्ही ती दोन वाक्यांत माझ्या हातात दिलीत. त्याआधी कोणीही मला काय बिघडलंय हे सांगितलं नव्हतं, फक्त बिघडलंय एवढंच सांगितलं होतं.

सगळी कृती इथे लिहीत बसत नाही, पण एक जागा लिहिल्याशिवाय राहवत नाही. जिभेच्या मुळाशी एक फेस होता, लांबीला नखाएवढा आणि रुंदीला केसाहूनही बारीक. त्या बारीक पट्टीमुळेच सगळं अडत होतं. आधीच्यांनी तो तसाच ठेवून भोवतालचं ओढून चिकटवलं होतं. तुम्ही तो सरळ काढून टाकलात. मग शेजारच्या दोन्ही सरफेसचं ट्रिम उलगडलंत, आणि मला पहिल्यांदा दिसलं की सरफेस दिसतो तेवढाच नसतो. ब्लाउजच्या शिलाईत आत कापड दुमडून ठेवलेलं असतं ना, तसा तो ट्रिमच्या रेषेपलीकडे आत शिल्लक असतो. ते दोन्ही पुरते उलगडल्यावर एकमेकांना छेदून गेले, आणि जिथे छेदले तीच खरी कड निघाली. कोणी बनवलेली नाही, मूळ डिझाइन करणाऱ्याच्या मनातली कड. नवा काही आकार शोधावा लागला नाही. नंतर जोड गुळगुळीत आहे का ते कळायला स्क्रीनवर मॉडेलवर काळे-पांढरे पट्टे पाडून पाहिलंत. पट्टा जोडावरून न मोडता पलीकडे गेला तेव्हा तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि काहीच बोलला नाहीत.

पण काका, हे पत्र त्यासाठीही नाही. हुशारी बडोद्यात पुष्कळांकडे आहे.

हे पत्र त्या पिवळ्या रंगासाठी आहे. फाइल माझ्या हाती दिलीत तेव्हा केसिंग करडं होतं आणि त्यावर जागोजागी पिवळे फेस. मी विचारलं, हे काय? तुम्ही म्हणालात, "करडं ते त्यांचं, पिवळं ते माझं. उद्या कुठे काही लागलं तर आधी पिवळ्यात शोध." आणि जिभेच्या टोकावर एकच फेस लाल होता. त्या जागी फाइलमध्ये काही सापडलंच नव्हतं, उलगडायलाही काही नव्हतं. तिथे डोळ्यांना गोड दिसेल असा गोलवा भरून देणं तुम्हाला सहज जमलं असतं. कोणाला कळलंही नसतं. तुम्ही मात्र भोक झाकण्यापुरता तात्पुरता तुकडा लावलात, लाल केलात आणि कागदावर लिहून दिलंत: "इथली त्रिज्या मला माहीत नाही. पंपवाल्यांना विचारणे. उत्तर येईपर्यंत मशीनवर चढवू नये."

तो कागद घेऊन मी कंपनीत गेले. एरवी मला रिसेप्शनवरून परत पाठवायचे. त्या दिवशी लाल ठिपक्याचं चित्र पाहून त्यांचे जुने डिझाइनवाले साहेब स्वतः खाली आले, म्हणाले, हा प्रश्न ज्याने विचारला त्याला पंप कळतो. मग त्यांनी कपाटातून कागदावरचं जुनं ड्रॉइंग शोधून काढलं. जिभेची त्रिज्या आणि इंपेलरपासूनचं अंतर, दोन्ही त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. इतके दिवस तो कागद तिथेच होता. कोणी विचारलंच नव्हतं, कारण कोणी "माहीत नाही" असं म्हटलंच नव्हतं. त्या आकड्यावरून तुम्ही फेस भरलात आणि लालचा पिवळा केलात.

त्या ऑफिसचं करडं मॉडेल आणि तुमचं पिवळं मॉडेल मी भाईंना शेजारी शेजारी उघडून दाखवलं. भाई म्हणाले, "बेन, या माणसाने आपल्याला चोर समजलं नाही." ज्याला फोनवर कोणीतरी सहज खोटं पाडलं होतं त्या माणसाचं हे वाक्य आहे. यासाठी तुमच्यापुढे वाकून नमस्कार करावासा वाटतो.

आपण केलेली दुरुस्ती लपवणं सगळ्यांना किती सोपं जातं! काम गुळगुळीत दिसलं की पैसे मिळतात. आणि तरीही काही माणसं स्वतःहून बोट ठेवून दाखवतात. आमच्या फाउंड्रीत एक मोल्डर आहेत. साचा थोडा ढासळला तर पुन्हा बांधतात आणि त्या कास्टिंगवर खडूने फुली मारून देतात, म्हणजे तपासणाऱ्याने तिथे नीट बघावं. बाबाही पॅटर्नमध्ये लाकडाचा तुकडा जोडला तर त्याच्यावर पॉलिश चढवायचे नाहीत. मला वाटायचं ही जुन्या लोकांची पद्धत लाकडाबरोबर संपली. स्क्रीनवर कुठला जोड आणि कुठली खूण? तिथे तर एका क्लिकमध्ये सगळं करडं होतं. तुम्ही तिथेही खूण ठेवलीत. अशा माणसांच्या भरवशावर आमच्यासारखे छोटे लोक मोठ्या कंपन्यांची कामं घेऊ शकतात, नाहीतर एका चुकीच्या जिभेत वर्षाची कमाई जाते.

आता आमच्याकडे बाहेरची फाइल आली की मुलं आधी मूळ प्रत बाजूला ठेवतात. जो फेस आपण केला तो पिवळा, जे माहीत नाही ते लाल, आणि लाल असेपर्यंत मशीन सुरू होत नाही. एका ग्राहकाने विचारलं, हे रंग काढून द्या ना. मी नाही म्हटलं. समजावून सांगितल्यावर तेही म्हणाले, राहू द्या.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. तुमच्या बिलात त्या लाल फेसचा उल्लेख नाही. विचारलं तर म्हणालात, जे मला आलं नाही त्याचे पैसे कसले. काका, सगळं काम त्या एका फेसमुळे तरलं आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळही तिथेच गेला. मी ते जोडून चेक लिहिला आहे. भाई रविवारी सकाळी घेऊन येतील. त्यांना परत पाठवू नका, ते फक्त चेक द्यायला येत नाहीत, त्यांना तुम्हाला भेटायचं आहे.

आपली,
मकरपुऱ्याची पॅटर्नवाली