इंजिन बसकं, सायलेन्सर बदनाम

टिळकवाडी, बेळगाव
श्रावणातला पहिला सोमवार

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर म्हणालास की तुझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीला नवा सायलेन्सर मागवतोयस, पुढच्या बेंड पाइपासकट. थांब. पैसे भरले नसशील तर हे वाचून मग भर. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहायला बसलोय.

माझ्याकडेही असंच सुरू झालं. ४०च्या स्पीडला पायाखाली गुणगुण, आणि चोर्ला घाटाच्या उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागे फट्‌फट्. मी म्हटलं, सायलेन्सर गेला. नवा आणला. तर तो बसेचना! पाइपाच्या टोकाची चकती, म्हणजे फ्लँज, इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डला जुळवावा तर पाइप बॉडीला घासतो, बॉडीपासून सोडवावा तर फ्लँजमध्ये एका बाजूला फट राहते. मग मी तेच केलं जे तू करणार आहेस. पाइप टांगायचे हँगर ओढले, पाइप गॅसवर तापवून वाकवला, आणि उरलेली फट पान्याच्या जोरावर मिटवायला गेलो. कट्. नट बसतो तो आट्यांचा खिळा, स्टड, मोडून अर्धा आत. मी गाडीखाली पडलेलो, आणि दारातून आई, ‘काय करूलैस रे अजून, जेवायचं नाही काय?’

मॅनिफोल्ड काढून उद्यमबागेत नेला. तिथल्या मिस्त्रीने मोडक्या स्टडवर नट ठेवून वेल्डिंग मारलं, थंड होऊ दिलं आणि हळूहळू फिरवत अख्खा तुकडा बाहेर काढला. मी घाई करत होतो. तो कन्नडमध्ये सारखा ‘निधान, निधान’ म्हणत होता. म्हणजे सावकाश. मला आपल्या मराठी कानांनी ‘निदान’ ऐकू येत होतं, आणि खरं सांगू, तेच मी केलेलं नव्हतं. मॅनिफोल्डवर पट्टी ठेवून त्याने फट मोजायचा फिलर गेज घातला, तर मधे ०.३ मिलिमीटरची पाती सहज गेली. तोंडच वाकडं, त्याला पॅकिंग किती दिवस टिकणार? त्याने ते घासून सपाट, म्हणजे फेस मारून दिलं. मग त्याने विचारलं, ‘फाउंडेशन बघितलं काय?’

फाउंडेशन म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं ती. नव्हतं बघितलं. घरी येऊन बॅटरी मारली. इंजिनाच्या वरच्या झाकणातून, टॅपेट कव्हरमधून, गळणारं ऑइल कित्येक वर्षं एका बाजूच्या फाउंडेशन रबरावर ठिबकत होतं. रबर आधी फुगलं, मग चिरलं, मग बसलं. त्यासोबत इंजिन एका अंगाला कललं, आणि मॅनिफोल्डचं तोंडही फिरलं. पाइप बिचारा जागेवरच होता. त्याला आम्ही तापवून वाकवून आलो!

म्हणून तू आधी फाउंडेशन बघ. जॅकखाली लाकडाची फळी घालून इंजिन जरा उचल. रबर पत्र्यापासून सुटलं किंवा चीर उघडली तर समजून जा. पुढची दोन्ही एकदम बदल, आणि गिअरबॉक्सखालचंही बघून ठेव. घेताना जुन्याशेजारी धरून उंची मोज. मला एका दुकानदाराने दिलेलं रबर ४ मिलिमीटर उंच निघालं, परत करताना त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

बसवताना सगळे नट आधी हातानेच. इंजिन हलवून आपल्या जागी बसू दे, फाउंडेशन आवळ, मग फ्लँज, मग मागे मागे जात क्लँप, हँगर सगळ्यात शेवटी. पाइप बॉडीला चिकटवू नकोस. मीटरभर लोखंड ३०० अंशांनी तापलं की साडेतीन मिलिमीटर लांबतं. त्याला जागा नाही मिळाली तर पुन्हा स्टडच खाणार. एकदा तापवून, थंड करून परत आवळ. नंतर टेलपाइपवर जाड फडकं क्षणभर दाबून धर, लीक असेल तर जोडावर फुसफुस ऐकू येते. उतारावरची फट्‌फट् तिथूनच होती. फटीतून हवा आत जायची आणि न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटायचं.

हे हसण्यावारी नेऊ नकोस. राकसकोपला जाताना आई मागे बसलेली, पाऊस म्हणून काचा बंद. परत येईपर्यंत तिचं डोकं धरलं. मी म्हटलं, ऊन नाही, वारा नाही, हिला झालं काय? पेडलजवळचा पत्रा गंजून भोक पडलंय, तिथून धूर आत येत होता. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. भोकावर पत्रा मारेपर्यंत आईला गाडीत बसवलं नाही. तुझ्या फ्लोअरचं कार्पेट एकदा उचलून बघ. आजच.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, तेव्हा तू मला रात्री अकराला फोन करून रडला होतास, आठवतं? आता स्वतःचीच गाडी वेड्यावाकड्या पाइपाने मारू नकोस.

गणपतीला येशील तेव्हा पुण्याहून मॅनिफोल्डसाठी पितळी नट आण, लोखंडी नट गंजून स्टडला धरतात. इथे मला हव्या त्या आट्याचे मिळेनात. बदल्यात कुंदा देतो. आणि आलास की जांबोटीपर्यंत जाऊ, गाडी तूच चालव. मला मागे बसून ऐकायचंय, अजून काही वाजतंय का ते.

तुझाच,
पद्मिनीवाला