तक्रार कोणी केली, असं विचारल्यावर तुम्ही जे बोललात त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं मला पोलीस ठाण्याच्या दारातच कळलं. हातात रव्याच्या लाडवांचा डबा होता. आईने तुमच्यासाठी वळले होते. दारावरच्या हवालदारांनी सांगितलं, मॅडम गेल्या महिन्यात गेल्या. कुठे, ते त्यांनाही नीट सांगता येईना. डबा त्यांच्याच हातात दिला आणि घरी आले. पण जे बोलायचं होतं ते घशातच अडकून राहिलं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवील. तुमचं नाव लिहीत नाही. त्या रात्री तुम्ही आमचं नाव घेतलं नाहीत, तसंच मीही तुमचं घेत नाही.

आमचं घर तुम्हाला आठवतं का? गल्लीतली शेवटची इमारत, दुसरा मजला, पुढच्या खोलीत खिडकीला लागून दवाखान्यात असतो तसा लोखंडी पलंग. त्यावर माझे वडील, अण्णा. 34 वर्षं एसटी चालवली त्यांनी. निवृत्तीनंतर सहाव्या वर्षी पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कान मात्र शाबूत राहिले, आणि तेच त्यांना जड गेलं.

खिडकीसमोर पूर्वी ऊस होता. मग शेत प्लॉटिंगला गेलं आणि त्यातल्या दोन एकरांवर लॉन झालं. तुळशीचं लग्न लागलं की आमच्या गल्लीच्या पोटात गोळा यायचा. वरात, हळद, रिसेप्शन, संगीत, आणि प्रत्येकाला डीजे. गाणी कानाला ऐकू यायची ते निराळंच, पण तो खालचा दणका छातीत बसायचा. काचा थरथरायच्या, मांडणीवरची भांडी वाजायची. अण्णा डाव्या हाताने पलंगाचा गज धरून ठेवायचे. सकाळी अंग पुसताना त्यांच्या तळहातावर गजाचा वळ दिसायचा. 'बंद करा' एवढे दोन शब्दसुद्धा ज्या माणसाला म्हणता येत नव्हते, त्याच्या हातावरचा तो वळ मी कधीच विसरणार नाही.

आमचा लग्नांना विरोध नव्हता, हे मी तेव्हाही सांगत होते. लोकांच्या घरी एकदाच येतो तो दिवस. पण त्यांचा तो एक दिवस आमच्या गल्लीत महिन्यातून पंधरा-सोळा वेळा यायचा, आणि रात्री बारा-साडेबारापर्यंत चालायचा.

तुमच्या आधी काय झालं ते थोडक्यात लिहिते, कारण तेही लोकांना कळायला हवं. पहिल्यांदा 112 ला फोन केला तेव्हा गाडी आली, आवाज खाली आला. गाडी गल्लीतून बाहेर पडली आणि आवाज होता त्याहून वर गेला. दहा मिनिटांत माझ्या नवऱ्याच्या मोबाइलवर फोन: "दादा, तुम्ही तक्रार केली म्हणे. आमच्या पोटावर का पाय देताय?" फोन मी केला होता, पण तो नंबर ह्यांचा. मला आजही विचारायचं आहे, तो नंबर लॉनवाल्यांना दिला कुणी? दोन दिवसांनी स्कूटरची सीट ब्लेडने उभी फाडलेली होती. कुणी फाडली ते कळलं नाही. पण तो निरोप कुणासाठी होता, हे सगळ्या गल्लीला कळलं.

त्यानंतर मी सह्यांचा कागद घेऊन दारोदार फिरले. समोरच्या घरात वीस दिवसांची बाळंतीण होती. ती रात्रभर बाळाच्या कानांवर हात धरून बसायची. तिनेही हात जोडले. "ताई, सही नको. ह्यांना रात्रपाळी असते, मी घरात एकटी असते." मला तिचा राग आला नाही. राग आला तो तिला एवढं भ्यायला लावणाऱ्यांचा. 41 घरांत तीन सह्या मिळाल्या, त्यातली एक माझी.

पालिकेत गेलो की आवाज हा पोलिसांचा विषय, पोलिसांत गेलो की लॉनचा परवाना हा पालिकेचा विषय. त्यात 2022 नंतर राज्यातल्या बहुतेक महापालिकांमध्ये नगरसेवकच उरले नव्हते, सगळीकडे प्रशासक. ज्याच्या घराची बेल दाबावी असं कुणी राहिलंच नव्हतं. एका साहेबांनी माझा अर्ज वाचून मला खिडकीला दुहेरी काच बसवायचा सल्ला दिला. दुसऱ्यांनी विचारलं, पेशंटला आतल्या खोलीत का हलवत नाही? अण्णांना त्या खिडकीतून रस्ता दिसायचा. 34 वर्षं ज्याने समोरच्या काचेतून रस्ता पाहिला, त्याच्या वाट्याला तेवढीच एक खिडकी उरली होती. ती आम्ही काढून घ्यायची?

डिसेंबरातल्या त्या रात्री मी फोन केला तो आशा म्हणून नाही. अण्णांचा श्वास भरभर चालला होता, हात गजावरून सुटत नव्हता आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. अकराला दहा मिनिटं कमी होती. बेल वाजली तेव्हा आई म्हणाली, दार उघडू नकोस, ते लॉनवाले असतील.

दारात तुम्ही होता. बूट बाहेर काढलेत. एवढ्या थंडीत, वर्दीवर, मोज्यांनी आत आलात. "कोण आजारी आहे?" एवढंच विचारलंत आणि पलंगाशी गेलात. उशाशी स्टुलावर पाण्याचा तांब्या होता, त्यावर फुलपात्र पालथं घातलेलं. ते किणकिणत होतं. तुम्ही त्या फुलपात्रावर दोन बोटं ठेवलीत. किणकिण थांबली. बोटं उचललीत, पुन्हा सुरू झाली. मग तुम्ही अण्णांकडे वाकून म्हणालात, "काका, आलेच मी."

दोन वर्षांत किती जणांना मी तोंडाने सांगितलं होतं, कागदावर लिहून दिलं होतं. त्या किणकिणत्या फुलपात्रावर बोट ठेवून बघणाऱ्या तुम्ही पहिल्या.

तुम्ही निघालात तेव्हा आई तुमच्या मागे जिन्यापर्यंत आली. "बाई, आमचं नाव तेवढं सांगू नका." तुम्ही मान हलवलीत आणि खाली उतरलात. आम्ही दिवा बंद करून गॅलरीत उभ्या राहिलो. तुम्ही आणि तुमच्यासोबतचे एक अंमलदार, दोघंच लॉनच्या फाटकातून आत गेलात. पाचेक मिनिटांनी डीजे थांबला. सगळी गल्ली अशी काही शांत झाली की फाटकाशी बोललेलं दुसऱ्या मजल्यावर स्पष्ट ऐकू यायला लागलं. मॅनेजर म्हणत होता, "मॅडम, बंद करतो की. पण तक्रार कुणाची आहे, तेवढं सांगा."

आणि तुम्ही म्हणालात, "माझी आहे. मी इथे उभी आहे, मला ऐकू येतंय."

तो पुन्हा म्हणाला, "तसं नाही, फोन कुणी केला?" तुम्ही म्हणालात, "मी तुम्हाला नाव सांगितलं ना. माझं लिहून घ्या."

मॅडम, आईने माझा दंड धरला. आम्ही दोघी अंधारात रडत होतो. तुम्हाला हे ठाऊक असायचं कारण नाही, तुम्ही वर बघितलंही नाहीत. मुद्दाम बघितलं नाहीत, हे माझ्या नंतर लक्षात आलं. नजर वर गेली असती तर घर कळलं असतं.

पुढे मी या विषयावर बरंच वाचलं. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद, निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा, हे 2000 सालच्या नियमांत आहे. बारापर्यंतची सूट वर्षात फार तर 15 दिवस, तीही सण-उत्सवांसाठी. लग्नाच्या डीजेला ती लागू नाही. मग जानेवारी 2025 मधला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल सापडला. कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांनी दाद मागितली होती. त्यात न्यायालयाने सांगितलंय की पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी, नाहीतर त्या माणसावर राग धरला जातो. त्याआधी 2016 मध्ये, ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवरच्या निकालातही तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायला सांगितलं होतं. म्हणजे आमच्या फोननंतर दहा मिनिटांत आमचा नंबर लॉनवर पोचला, तेव्हाही हा आदेश होता. तो कुणी पाळला नव्हता, इतकंच. तुम्ही आम्हाला निकाल वाचून दाखवला नाहीत, कलम सांगितलं नाहीत. नाव विचारल्यावर स्वतःचं पुढे केलंत.

पुढचं काम कसं झालं त्याच्या तपशिलात शिरत नाही. पालिकेच्या अधिकाऱ्यांना तुम्ही रात्रीच्या वेळी गल्लीत आणलंत, अर्जावर क्रमांक पडला, लॉनवाल्यांना नोटीस गेली. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. त्या रात्रीनंतरच्या रविवारी मी तोच सह्यांचा कागद घेऊन फिरले, तर 29 सह्या झाल्या. बाळंतिणीने सर्वांत आधी केली. "त्या मॅडम स्वतःचं नाव सांगतात, मग मी का नको?" असं म्हणाली. तुमचं फाटकातलं बोलणं सगळ्या गल्लीने ऐकलं होतं.

आणखी एक सांगते. ज्यांचं लग्न तुम्ही थांबवलंत, म्हणजे ज्यांचा डीजे थांबवलात, त्या नवऱ्यामुलाचे वडील दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीत आले होते. कुठलं घर ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून खालच्या किराणा दुकानात बुंदीचा पुडा ठेवून गेले. दुकानदाराला म्हणाले, "आम्ही बाहेरगावचे. इथे कुणी आजारी आहे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. ज्यांना त्रास झाला त्यांना द्या." माणसं वाईट नसतात हो. त्यांना कुणीतरी येऊन नीट सांगावं लागतं.

अण्णा भिवंडीमार्गे गाडी न्यायचे. 1984 ची दंगल त्यांनी जवळून पाहिली होती. नंतर सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त असताना त्यांनी मोहल्ला समित्या केल्या, पोलीस आणि वस्तीतले लोक एकत्र बसायला लागले, आणि डिसेंबर 1992 मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. अण्णा आम्हाला लहानपणी हे सांगायचे आणि म्हणायचे, पोलीस ओळखीचा असला की निम्मी भीती जाते. मला ते कधी पटलं नव्हतं. माझ्या अनुभवात पोलिसाशी ओळख म्हणजे आपला नंबर दुसऱ्याच्या हातात जाणं, एवढंच होतं. त्या रात्री अण्णांचं म्हणणं पटलं.

स्वतः अण्णांचीही एक सवय होती. मुक्कामाची गाडी घेऊन रात्री उशिरा एखाद्या गावात शिरताना ते हॉर्न वाजवायचे नाहीत. कंडक्टरकाकांनी मला सांगितलं होतं, वेशीपासून गाडी हळू घ्यायचे, दार आपटू द्यायचे नाहीत. लोक दिवसभर रानात राबून झोपलेले असतात म्हणायचे. त्यांच्यावर कुठला नियम नव्हता, कुणी बघतही नव्हतं. दमलेल्या माणसाची झोप मोडू नये, एवढं त्यांना आतून वाटायचं. अशा माणसाच्या उशाशी दोन वर्षं तो दणका चालू होता, म्हणून माझा जीव इतका तुटत होता. आणि म्हणूनच तुम्ही मोज्यांनी आत आलात ते मला इतकं लागलं. तुम्ही दोघं एकाच जातकुळीची माणसं.

लाडू द्यायला मी आले होते ते हे सांगायला. अण्णा गेले. वैशाखात, अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी. समोर लॉनवर लग्न होतं, रोषणाई होती, दिवसभर वाजंत्री होती. दहाला सगळं बंद झालं. खुर्च्या आवरल्याचा, मोठी पातेली टेम्पोत चढवल्याचा आवाज थोडा वेळ आला, मग तोही थांबला. मी पलंगाशी बसले होते. पहाटे दोनच्या सुमाराला त्यांचा श्वास बदलला. अगदी बारीक फरक होता, आधीच्या दिवसांत तो मला ऐकूच आला नसता. मी आईला उठवलं. आम्ही दोघी त्यांच्याजवळ होतो. आईने डावा हात हातात घेतला, तो गजावर नव्हता, चादरीवर सैल पडलेला होता. उशाशी तांब्यावर फुलपात्र होतं, ते हललं नाही.

आई म्हणते, मॅडम भेटल्या की हे नक्की सांग. भेट झाली नाही, म्हणून लिहून कळवते आहे. या बाजूला कधी आलात तर घरी या. दुसरा मजला, शेवटची इमारत. लाडू पुन्हा वळू.

आपली,
त्या रात्री गॅलरीत उभी असलेली