फ्लोरिडातल्या नेपल्सच्या काकांना जाहीर धन्यवाद

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

खरं तर हे व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवणार होते. पण थंडीत आईवडिलांना घेऊन फ्लोरिडाला जाणारे आपले लोक इतके आहेत की म्हटलं, चारचौघांत लिहावं, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. नाव घालू नकोस म्हणालात, म्हणून घालत नाही.

मंडळाच्या ग्रुपवर मी साधं विचारलं होतं: नेपल्सला येतोय, बाबांचे गुडघे दुखतात, काय बघावं? बाकीच्यांनी हॉटेलं सुचवली. तुम्ही थेट फोन केलात आणि पहिलंच विचारलंत, "बाबा नोकरी कुठे करायचे?" पाटबंधारे खात्यात होते म्हटल्यावर म्हणालात, "मग समुद्राला एक संध्याकाळ पुरे. पुढचं माझ्यावर सोड."

गाव देखणं आहे, त्यात वादच नाही. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरची दुकानं, पांढरी वाळू, पोर्ट रॉयलमधले एकेक बंगले असे की रस्त्यावरून नुसती कुंपणाची झाडंच दिसतात. आईने एका दुकानात साध्या सुती कुर्त्याच्या चिठ्ठीवरचा आकडा वाचला आणि कुर्ता जपून जागेवर ठेवला. तुम्ही सांगितलं नसतं तर 1895 चं पाम कॉटेज आमच्या लक्षातही आलं नसतं. शिंपले भाजून केलेल्या चुन्याच्या त्या भिंती पाहून आई म्हणाली, "कोकणात करायचे की असा चुना!" 1888 साली बांधलेल्या धक्क्याचीही कथा तुमच्याकडूनच कळली. वादळाने पाडायचा आणि गावाने पुन्हा उभारायचा, असं तेव्हापासून चाललंय. 2022 च्या इयान वादळाने तो परत मोडला.

पण मनात राहिलं ते कॉर्कस्क्रूचं रान. गावापासून तासाभराच्या अंतरावर, पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या ऑडुबॉन सोसायटीने 1954 पासून राखलेलं. दलदलीत उभ्या असलेल्या बाल्ड सायप्रसचं एवढं मोठं जुनं जंगल उत्तर अमेरिकेत दुसरं उरलेलं नाही. बाकीचं लाकडासाठी तोडलं गेलं. कुऱ्हाड इथेही येऊन टेकली होती, तेवढ्यात लोकांनी पैसे जमवून ही जागा सोडवली. आपल्याकडच्या देवराईसारखीच ही, फक्त देव नाही. लाकडी पायवाट सव्वादोन मैलांची आहे आणि चाकाची खुर्ची जाते, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलंत म्हणून बाबा यायला तयार झाले. खुर्चीत बसणार नाही म्हणाले, तर तुम्ही काही न बोलता घडीचं स्टूल काखोटीला मारलंत आणि त्यांच्या चालीने चालत राहिलात. त्यासाठी वेगळे आभार.

आम्ही सगळे मगर शोधत होतो. तुम्ही आम्हाला खोडावरची रेघ दाखवलीत. पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं त्याची खूण, आमच्या गुडघ्याच्याही वर. आणि खाली, त्याच खोडाच्या पायाशी, फेब्रुवारीचा काळा चिखल, त्यात सायप्रसची मुळं गुडघ्यांसारखी वर आलेली. बाबा स्टुलावर बसून किती तरी वेळ त्या रेघेकडे बघत होते. मग विचारलं, "उतार किती?" तुम्ही म्हणालात, मैलाला दोन-तीन इंच. त्यावर दोघंही जे हसलात, ते आम्हा बाकीच्यांना कळलंच नाही. नंतर बाबांनीच समजावलं: एवढ्या कमी उतारावर पाणी वाहत नाही, सरकतं. मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पडलेला पाऊस महिनोन् महिने हळूहळू समुद्राकडे जात राहतो, आणि एक साधा रस्ता आडवा आला तरी तुंबतो. 1928 मध्ये टँपा ते मायामी टॅमियामी ट्रेल हा रस्ता झाला तेव्हा नेमकं तेच झालं. आता त्याच रस्त्याला मायामीच्या बाजूला पूल बांधून खालून पाण्याला वाट करून देतायत.

वूड स्टॉर्क, म्हणजे इथला करकोचा, मात्र रानात दिसलाच नाही. दिसला तो परत येताना, गोल्फ कोर्सच्या कडेच्या चारीत! टकला, काळ्या सुरकुतल्या मानेचा, रूपाने अगदीच बेतास बात. तुम्ही गाडी बाजूला घेतलीत आणि त्याची मासेमारी दाखवलीत. हा डोळ्यांनी शोधत बसत नाही. चोच अर्धी उघडून पाण्यात फिरवत राहतो, मासा लागला की चोच मिटते, आपली पापणी लवायच्याही आधी. म्हणूनच त्याला आटत चाललेली डबकी लागतात, मासे दाटीने एकत्र आलेत अशी. पाणी फार लवकर आटलं की घरट्यातली पिल्लं उपाशी, आटलंच नाही तरी उपाशी. कॉर्कस्क्रूला एके काळी त्यांची वसाहत गजबजलेली असायची, आता कित्येक वर्षी घरटी होतच नाहीत, हे सांगताना तुमचा आवाज जरा बदलला. बाबा लगेच म्हणाले, "अहो, हा तर आमच्या भिगवणच्या चित्रबलाकाचा भाऊ!" खरंच, कुळ एकच. दोन म्हाताऱ्यांनी एका चारीच्या काठावर नातं जुळवलं आणि जेवायला तासभर उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी पिकायून स्ट्रँड. तिथे बघण्यासारखं काही नाही, हे तुम्ही स्वतःच सांगितलं होतं. सपाट रान आणि मातीने बुजवलेला कालवा. साठच्या दशकात दलदल सुकवून प्लॉट विकण्यासाठी 48 मैल कालवे खणले, रस्ते पाडले, देशभरच्या लोकांना जमिनी विकल्या, आणि पावसाळ्यात प्लॉट पाण्याखाली. आता सरकार तेच कालवे बुजवतंय, सुमारे 260 मैल रस्ते उखडतंय. ज्या माणसाची नोकरी कालव्यांवर गेली, त्याला बुजवलेला कालवा दाखवायला नेणं हे धाडसच होतं, काका. बाबांनी काठावरची माती बुटाने दाबून पाहिली, भराव कुठून आणला, दाबला कसा, सगळं खोदून खोदून विचारलं. शेवटी विचारलं, "गावाला प्यायला पाणी कुठलं?" तुम्ही पायाखाली बोट दाखवलंत. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूच्या हॉटेलात पेल्यात येतं ते इकडच्याच विहिरींचं, जमिनीत मुरलेलं. बाबा म्हणाले, "मग हे काम आधीच करायला हवं होतं." त्यांच्या तोंडून कुठल्याही खात्याच्या कामाला याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

ओचोपीचं पोस्ट ऑफिस, अमेरिकेतलं सर्वांत छोटं, आईला फार आवडलं. आमच्या माळ्यापेक्षा लहान आहे म्हणाली. तिथून स्वतःलाच टाकलेलं कार्ड पुण्याला पोचलंय, शिक्का स्पष्ट आलाय, तुम्हाला कळवायला सांगितलंय.

जाणाऱ्यांसाठी काकांच्या दोनच सूचना देते: कोरड्या हंगामात जा, आणि कॉर्कस्क्रूला किमान अर्धा दिवस ठेवा, एवढं लांब जाऊन फोटो काढून परत फिरू नका.

बाबा परत गेल्यापासून गुडघ्यांची तक्रार तेवढीच आहे, पण इंदापूरच्या मित्रांना फोनवर मैलाला दोन इंच उतार समजावणं रोज चालू असतं. तुम्ही पुढच्या थंडीत पुण्याला येणार म्हणालात ना? उजनीच्या पाण्यावर पहाटे होडी ठरवायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय. रोहित पक्षीही असतील, चित्रबलाक तर असतातच. काकूंनाही आणा. आणि आई विचारतेय, भिगवणची चिलापी मासळी चालते ना, की तिने घरून डबा घ्यायचा?

तुमची,
बाबांची मुलगी