ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गाडी थरथरण्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : तीन वेळा दुरुस्ती होऊनही गाडीची थरथर कायम असल्याबाबत

महोदय,

माझी गाडी ताशी ८० किलोमीटरपर्यंत सुरळीत चालते. त्यानंतर स्टिअरिंगला थरथर सुरू होते, ९५ च्या आसपास ती सर्वाधिक असते आणि ११० नंतर बरीच ओसरते. हे मी पहिल्याच भेटीत जॉब कार्डावर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रकावर) लिहून दिले होते, तसेच ब्रेक दाबलेला नसतानाही थरथर होते, हेही लिहिले होते. तरीही आपल्या सर्व्हिस सेंटरने पहिल्या वेळी व्हील अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणे) व बॅलन्सिंग केले, दुसऱ्या वेळी इंजिन माउंटिंग (इंजिनाला धरून ठेवणारे आधार) बदलले आणि तिसऱ्या वेळी पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क घासून दिल्या. गाडी आजही तशीच थरथरते.

बॅलन्सिंग सोडले, तर यातील एकही काम माझ्या वर्णनाशी जुळत नाही. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर तिरके झिजतात. विशिष्ट वेगालाच येणारी थरथर हे तिचे लक्षण नव्हे. डिस्कचा दोष असता तर तो मुख्यतः ब्रेक लावताना जाणवला असता, आणि पेडलपर्यंत पोहोचला असता. इंजिन माउंटिंगचा प्रश्न तर त्याहून सोपा होता : ताशी ९५ चा वेग कायम ठेवून पाचव्या गिअरवरून चौथ्यावर आले, की इंजिनाचे फेरे वाढतात, पण चाकांचे वाढत नाहीत. मी हे करून पाहिले आणि थरथरीत तिळमात्र फरक पडला नाही. म्हणजे तिचा संबंध चाकांच्या फिरण्याशी आहे, इंजिनाशी नाही. असे असताना माउंटिंग बदलणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

त्यानंतर मी पुढचे उजवे चाक मागे आणि मागचे पुढे लावून गाडी चालवली. स्टिअरिंग शांत झाले आणि तीच थरथर, त्याच वेगाला, आसनाखाली जाणवू लागली. दोष चाकाबरोबर मागे गेला, याचा अर्थ तो हब (चाक ज्यावर बसते तो भाग) किंवा ड्राइव्ह शाफ्टमध्ये (चाकाला फिरवणाऱ्या दांड्यात) नसून त्या एका चाकातच आहे. ते चाक जॅकवर उचलून हाताने सावकाश फिरवले असता टायरचा पृष्ठभाग एका ठिकाणी किंचित वर येताना दिसतो. शेजारी स्थिर धरलेल्या पट्टीपासूनचे अंतर प्रत्येक फेऱ्यात नेमके तिथेच कमी होते.

बॅलन्सिंग मशीनवर हे चाक शून्य दाखवते, असे मला प्रत्येक वेळी सांगण्यात आले. ते खरेही असेल. परंतु मशीन चाकाचे वजन चोहीकडे सारखे विभागले आहे की नाही एवढेच पाहते, चाक गोल आहे की नाही हे पाहत नाही. सुमारे १.९ मीटर परिघाचे चाक ताशी ९५ वेगाला सेकंदाला जवळपास १४ फेरे घेते, आणि तो उंचवटा तितक्याच वेळा रस्त्यावर आपटतो; बॅलन्सिंगसाठी शिशाचे तुकडे चिकटवून तो सपाट होणार नाही.

मला सर्वांत खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. तिन्ही जॉब कार्डांवर ‘टेस्ट ड्राइव्ह समाधानकारक’ असा शेरा आहे, पण गाडी आत घेताना आणि परत देताना नोंदलेल्या किलोमीटरमध्ये एकदाही २ पेक्षा जास्त फरक नाही. एवढ्या अंतरात गाडी ८० च्या पुढे नेऊन काही काळ त्या वेगावर ठेवली गेली असेल, हे मला पटत नाही. जी थरथर कोणी अनुभवलीच नाही, ती दूर झाल्याचा शेरा कशाच्या आधारे मारला?

आता पुढील भाग अंदाजाने बदलू नयेत. त्या चाकाच्या रिमच्या आणि टायरच्या गोलाईतील चढउतार डायल गेजने (सूक्ष्म अंतर मोजणाऱ्या उपकरणाने) वेगवेगळे मोजावेत, म्हणजे दोष दोहोंपैकी कशात आहे ते स्पष्ट होईल, आणि मोजमापे मला लेखी द्यावीत. टायरच्या आतील थर सुटल्यामुळे तो उंचवटा आला असल्यास टायर धावताना फाटू शकतो, म्हणून ही तपासणी तातडीने व्हावी. तोपर्यंत मी ते चाक काढून ठेवले असून त्या जागी जादा चाक लावले आहे. सदोष भाग वॉरंटीत बदलून मिळावा आणि इंजिन माउंटिंग व डिस्कच्या कामासाठी घेतलेली रक्कम परत करावी. तपासणीनंतरच्या चाचणीत मी स्वतः गाडीत बसेन.

तिन्ही जॉब कार्डांच्या व पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे.

आपली विश्वासू,
(गाडीची नोंदणीकृत मालक)