साथीचा आराखडा आणि त्यातली माणसं

फोंडा, गोवा

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तालुक्याचा साथरोगांसाठीचा आराखडा वाचला. खाटा, ऑक्सिजन, रुग्णवाहिका सगळं चोख आहे. समाजशास्त्र मात्र शेवटच्या पानावर, 'जनजागृती'च्या रकान्यात! म्हणजे नियम आधी ठरणार आणि तो लोकांच्या गळी उतरवायला आम्ही समाजशास्त्रज्ञ. हे उलटं कर. नियम लिहितानाच विचार, तो पाळणं कोणाला किती महाग पडेल?

मार्च २०२०ची कोविडची टाळेबंदी आठव. गोव्यात किराणा दुकानंही बंद झाली, सामान घरपोच येईल असं ठरलं आणि काही दिवसांतच दुकानं उघडावी लागली. हातावर पोट असलेला महिन्याचा किराणा भरून ठेवत नाही, त्याच्या खोलीत फ्रीज नसतो आणि वाड्यावरचं घर नुसत्या पत्त्यावरून सापडत नाही. हे सांगायला मोठी पाहणीही लागली नसती.

गृह विलगीकरणाचं तेच. १४ दिवस घरात वेगळं राहायचं तर वेगळी खोली हवी, संडास हवा, पाणी भरणारं कोणी हवं आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई हवी. मांगोर हिल किंवा झुआरीनगरसारख्या दाट वस्तीत पहिल्या दोन गोष्टींपाशीच गाडं अडतं. मग माणसं लक्षणं लपवतात. त्याला बेफिकिरी म्हणणं हा आपला आळस. पुण्यात १८९७ साली प्लेगच्या घरझडत्या सुरू झाल्या, तेव्हाही रोगी असेच लपवले गेले.

माहिती कशी काढायची ते जरा सविस्तर लिहितो, कारण घोळ तिथेच होतो. साथीत सहा महिन्यांचा अहवाल कामाचा नाही, पाच दिवस पुरेत. पहिल्या दिवशी वॉर्डात फिरून नकाशा काढ: सामायिक नळ, संडास, मजुरांना नेणारे टेम्पो कुठून सुटतात ते. पुढचे तीन दिवस मुलाखती. परप्रांतीय मजूर, मासळी विकणाऱ्या बायका, मुलं परदेशी असलेले एकटे म्हातारे, अशा प्रत्येक गटात दहा-बारा. तेच ते ऐकू येऊ लागलं की थांब. पाचव्या दिवशी एकच पान: नियम कोणता, कोणाला जमत नाही, का, काय बदलायचं.

'मास्क लावता का?' असं विचारू नकोस. पंचायतीच्या माणसाला सगळे हो म्हणतात. तिंट्यावर, म्हणजे बाजाराच्या चौकात, उभं राहून येणारे-जाणारे शंभर जण मोज आणि नाक झाकलेले किती ते लिही. 'ताप आला तर काय कराल?' याऐवजी 'मागच्या तापात आधी कुठे गेलात, कितव्या दिवशी?' असं विचार. नुसत्या फोनवर भिस्त ठेवू नकोस. बऱ्याच घरांत फोन पुरुषच उचलतो आणि परप्रांतीयाचा नंबर आपल्या यादीत नसतोच. मजुरांशी कन्नड किंवा हिंदीत बोलणारा माणूस ने, आणि ठेकेदाराला त्या वेळी दूर ठेव.

अंत्यसंस्काराची ओळ फारच त्रोटक आहे. पश्चिम आफ्रिकेत इबोलाच्या साथीत मृतदेह हाताळण्यातून संसर्ग पसरत होता. पण पथकं देह परस्पर नेऊ लागली तशी लोकांनी गुपचूप दफनं केली. मानववंशशास्त्रज्ञांनी विधीतलं काय टाळता येईल आणि काय नाही, हे घरच्यांशी बोलून शोधलं. नोव्हेंबर २०१४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची कार्यपद्धती काढली, तीत प्रार्थनेला आणि कुटुंबाच्या सहभागाला जागा होती. तूही भटजी, पाद्री आणि इमाम यांच्याशी आताच बोलून घे.

आमच्या नावावरही काहीबाही खपवलं जातं, तेवढं सांभाळ. मार्च २०२०मध्ये ब्रिटनमध्ये 'लोक लवकर कंटाळतील' म्हणून कडक निर्बंध उशिरा लावण्याचा युक्तिवाद पुढे आला. त्यावर सहाशेहून अधिक वर्तनशास्त्रज्ञांनी खुलं पत्र लिहून पुरावा मागितला. तूही माग, माझ्याकडूनसुद्धा.

आणि पाचव्या दिवशीचं ते एक पान कोणत्या पदाकडे जाईल, किती दिवसांत लेखी उत्तर येईल, हे आराखड्यातच घाल. मी तीन दिवस धरीन. नाहीतर ते फाइलला लागतं आणि मुलाखत दिलेली माणसं पुढच्या खेपेला दार उघडत नाहीत.

वॉर्डांची यादी पाठव, मुलाखतींचे प्रश्न लिहून देतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
सदानंद